कडुबाचा डावा पाय

कडुबाची जीप चढणीवर मागं घरंगळली, ही बातमी जीपच्या आधी वाडीत पोचली आणि ऐकणाऱ्यांनी सांगणाऱ्याला वेड्यात काढलं. कन्नडपासून वाडीपर्यंतचा रस्ता डोंगराला धरून चढतो. एसटीनं त्याचा नाद कधीच सोडलाय. पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टर रुततात, मोटारसायकली आडव्या होतात, पण कडुबाची जुनी फोर-व्हील जीप गुरगुरत वर येते म्हणजे येतेच. सरकारी लिलावात घेतलेल्या त्या जीपचा मूळचा पत्रा आता नेमका कुठं उरलाय, हे खुद्द कडुबालाही दाखवता यायचं नाही. तरी ती मागं सरकली म्हणणं म्हणजे वाडीतला मारुती पार सोडून खाली उतरला म्हणण्यासारखंच होतं.

पण घरंगळली खरी. बाजार करून माणसं परतत होती. चढणीच्या मधोमध इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी काही पुढं हलेना. करपल्याचा वास सुटला. कडुबानं गिअर बदलायला हात घातला, तर गिअरनं दात खाल्ल्यासारखा आवाज केला आणि गाडी मागं निघाली. मागच्या बाकावर लक्ष्मीबाई बसली होती. कडुबाच्या जीपमध्ये बसलं की या म्हातारीला गाढ झोप लागायची ती घर येईपर्यंत. ती दचकून उठली आणि किंचाळली, "कडुबा! मारतो का काय रं आमाला?"

कडुबानं हँडब्रेक ओढला. बायका पटापट उड्या टाकून खाली उतरल्या. कुणाचे तरी टोमॅटो उतारावरून घरंगळत गेले आणि ते वेचायलाही कुणी वळलं नाही. कडुबा स्टिअरिंग धरून तसाच बसला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण त्याच्या गाडीत अशी किंकाळी कुणी फोडली नव्हती. माणसं बाजाराच्या पिशव्या उचलून पायी वर चालायला लागली. रिकामी जीप कशीबशी रडतखडत घरी आली.

आता कडुबा कोण, हे सांगायला हवं. दिसायला काही विशेष नाही. बुटका, पोट सुटलेला, मिशीला उगाचच पीळ देणारा माणूस. मिजास मात्र सरदाराची. ती मिजास होती त्याच्या डाव्या पायाची. क्लचवरचा कडुबाचा पाय इतका हलका, की गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात केव्हा गेली हे मागच्या माणसाला समजायचं नाही. हातात भरलेला चहाचा पेला धरून बसा, थेंब सांडला तर भाडं देऊ नका, असं तो म्हणायचा. त्यामुळं पंचक्रोशीत एक रीतच पडून गेली होती. बाळंतीण आणि लेकरू दवाखान्यातून घरी आणायचं ते कडुबाच्या जीपमधून. दारात नवी कोरी मोटार उभी असलेले लोकसुद्धा त्या दिवशी कडुबालाच बोलवायचे. निघताना बाळंतिणीची आई जीपच्या बॉनेटला हळदकुंकू लावायची, नारळ द्यायची. कडुबा उतरून जीपला हात जोडायचा आणि चपला काढून सीटखाली सरकवायचा. कारण तो जीप अनवाणीच चालवी. "जिनं एवढी लेकरं घरी आनली, तिच्यात चपला घालून चढायचं व्हय?" असं विचारायचा. सगळ्यांना ते फार आवडायचं. मलाही आवडायचं, कशाला खोटं बोलू?

आणि आता कडुबाच्या स्वतःच्या लेकीची पाळी होती. विशाखा शहरात, चिकलठाण्याला दिलेली. तिला मुलगी झाली होती. सव्वा महिना सासरी झाला आणि तिला माहेरी आणायचं ठरलं, ते नेमकं दुसऱ्याच दिवशी. दुसऱ्यांची लेकरं आयुष्यभर आणली, आता स्वतःची नात आपल्या पायानं घरी आणायची, एवढं एकच कडुबाच्या डोक्यात कितीतरी दिवस घोळत होतं. दोन्हीकडच्या पाहुण्यांना तो हे इतक्यांदा सांगून चुकला होता की लोक त्याचा फोन घ्यायचे बंद झाले होते.

सकाळी लवकर नवराबायको निघाले. निघता निघता सुरेखानं उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत फडकं मारलं.

"हे डाग कशाचे पडायलेत फरशीवर? रोजच पुसते म्या."

"गिअर ऑइल असंल. पायाला लागून येतं," कडुबा म्हणाला. त्याचं सगळं लक्ष जीपकडं होतं.

उतारानं, देवाचं नाव घेत, घाटात जीव मुठीत धरून त्यांनी शहर गाठलं. उस्मानपुऱ्यात कमरोद्दीनच्या गॅरेजपाशी कडुबानं सुरेखाला रिक्षात बसवलं. "तू व्हय पुढं. लेकीचं सामान आवर. गाडी नीट करून आलोच म्या. उजेडात घरी पोचू," तो म्हणाला. सुरेखा गेली, आणि वळून कडुबानं तोंडाचा पट्टा सोडला.

कमरोद्दीन त्याचा जुना मिस्त्री. अलीकडं जीपची क्लच-प्लेट करपली की तोच बदलून द्यायचा. जुना दोस्तही तोच. यांच्या ईदला ते, त्यांच्या पोळ्याला हे. त्याच कमरोद्दीनला कडुबानं अख्ख्या गल्लीसमोर धारेवर धरलं. "नव्या प्लेटीचे पैसे घेतो आन् जुनी घासूनपुसून बशिवतो! लाज वाटत नाय? काल लेकराबाळांची माणसं मेली असती माझ्या गाडीत!"

शेजारच्या टायरवाल्यानं हातातला हातोडा खाली ठेवला. कमरोद्दीन अवाक झाला. त्याची बायको आबेदा आतून चहा घेऊन आली होती, ती दारातच थबकली.

"कडुबा, होशमध्ये आहेस का तू?" कमरोद्दीन शेवटी म्हणाला. "मी तुला जुनी प्लेट देणार? तुला?"

"मग करपती काहून सारखी?"

कमरोद्दीननं चहासुद्धा घेतला नाही. जीप आत घेतली, गिअरबॉक्स उतरवला आणि क्लच-प्लेट काढून कडुबासमोर धरली. चुलीतून काढलेल्या भाकरीसारखी काळीठिक्कर पडली होती. त्यानं प्रेशर प्लेट तपासली, बेअरिंग फिरवून पाहिलं, कुठल्या सीलमधून ऑइल गळतंय का ते बोट घालून बघितलं. सगळं चांगलं होतं. त्यानं कडुबाच्याच हातानं दुकानातून नवी प्लेट आणवली, खोक्यावरचं सील कडुबालाच फोडायला लावलं आणि ती बसवली. पण बसवताना त्याचा चेहरा काही उजळला नाही.

"एक गोष्ट मला समजत नाही," तो हात पुसत म्हणाला. "तू बोलतो क्लच घसरतो, गाडी ओढत नाही. आणि तूच बोलतो गिअर घासून पडतो. देख, क्लच पूर्ण सुटत नसंल तर प्लेट घसरणार, करपणार. क्लच पूर्ण दबत नसंल तर गिअर ओरडणार. पण पेडल एकच. मी एक तक्रार मिटवायला गेलो की दुसरी वाढायला पाहिजे. तुझ्या गाडीत दोन्ही एकदम चालू. असं कसं?"

"ते तू सांग. मिस्त्री तू का म्या?" कडुबा अजून धुसफुसतच होता.

कमरोद्दीन गाडी घेऊन बाहेर पडला, कडुबा शेजारी बसला. उड्डाणपुलाचा चढ, रहदारी, सिग्नल, सगळीकडं जीप लोण्यासारखी चालली. गिअर पडताना आवाज नाही की कुठं हिसका नाही. कडुबाला बरं वाटायला हवं होतं, पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात अशी शहाण्यासारखी वागलेली कुठल्या ड्रायव्हरला खपेल?

"सरक तिकडं," तो म्हणाला. चपला सीटखाली ढकलून तो चाकावर बसला.

पहिलाच गिअर करकरला. पुढं चौकात दुसरा ओरडला. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यानंसुद्धा वळून पाहिलं. पुलाच्या चढावर इंजिन तेच कालच्यासारखं बोंबलायला लागलं आणि नव्या कोऱ्या प्लेटचा वास नाकात शिरला. "बघ! बघ आता!" कडुबा ओरडला. त्याला रागाबरोबर एक प्रकारचं समाधानही वाटलं. कमरोद्दीन मात्र गिअरकडं बघत नव्हता. तो खाली वाकून बघत होता.

"कडुबा, क्लचवरचा पाय काढ."

"काढलाय."

"पाय काढ बोलतो मी."

"आरं काढलाय म्हनतो ना! गाडी तिसऱ्यात पळायली, क्लचवर कशाला ठिवू पाय?"

"बाजूला घे गाडी," कमरोद्दीन म्हणाला. गाडी कडेला थांबली. "आता खाली बघ."

कडुबानं खाली बघितलं. त्याचा डावा पाय क्लचवर होता. पेडल अर्धं दाबून, निवांत.

त्यानं तो पाय उचलला होता. शपथेवर सांगितलं असतं त्यानं की उचलला होता. त्यानं पुन्हा पायाला हुकूम सोडला आणि डोळ्यांनी बघत राहिला. पाय थोडा सरकला, पेडलच्या कडेला अडकला आणि तिथंच बसला. दुसऱ्याच कुणाचा तरी पाय असावा आणि तो आपल्या पायजम्यात घुसला असावा, तसा दिसत होता तो.

कमरोद्दीननं खाली हात घातला. क्लचच्या पेडलाखाली गाडीचा तळ कधीच गंजून गेला होता आणि त्यावर पत्र्याचं ठिगळ मारलेलं होतं. त्या पत्र्याला बोट लागताच कमरोद्दीन "हाय अल्ला!" म्हणून ओरडला आणि त्यानं बोट तोंडात घातलं. पत्रा तव्यासारखा तापला होता. खालून सायलेन्सरचा पाइप जात होता, आणि घसरणारा क्लच जी आग ओकत होता तीही तिथंच येत होती. कडुबाची टाच त्याच पत्र्यावर टेकलेली होती.

"उचल! उचल पाय!" कमरोद्दीननं दोन्ही हातांनी तो पाय धरून बाहेर ओढला आणि उलटा केला.

टाचेची कातडी पांढरीफटक होऊन सुटली होती. खाली जुनी जखम होती, तिच्या कडा काळ्या पडलेल्या, मधून पाणी येत होतं. कडुबा स्वतःच्या टाचेकडं बघत राहिला. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं याचीच त्याला भीती वाटली. एवढी भीती त्याला काल चढणीवरही वाटली नव्हती. मग त्याला सुरेखाची फरशी आठवली, उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत रोज पुसलेली. ते ऑइल नव्हतं.

"केव्हापासून आहे हे?" कमरोद्दीननं विचारलं.

"काय म्हाईत," कडुबा म्हणाला. "मला काय म्हाईत, कमरूभाई?"

डॉक्टरकडं कमरोद्दीननंच नेलं. तिथं कडुबाला डोळे मिटायला सांगितलं. तो मिटून बसला, बराच वेळ बसला आणि म्हणाला, "टोचा की, डॉक्टरसाहेब." डॉक्टर म्हणाले, टोचून झालं. कन्नडच्या शिबिरात कधीतरी रक्तात साखर निघाली होती, तेव्हा कडुबानं काही दिवस बिनसाखरेचा चहा घेतला होता आणि मग त्या चहाचा कंटाळा आला म्हणून साखरेचा विषय बंद केला होता. साखरेनं मात्र त्याचा विषय बंद केला नव्हता. दोन्ही पायांची जाणीव हळूहळू जात होती, डाव्याची जवळजवळ गेलीच होती. जखम भरेल, नीट जपलं तर पाय वाचेल, डॉक्टर म्हणाले. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. आणि गाडी चालवायची नाही.

"आजच्या दिवस?" कडुबानं विचारलं.

"आज तर अजिबात नाही."

बाहेर आल्यावर कडुबानं कमरोद्दीनचा हात धरला. ज्या माणसाला सकाळी चोर म्हटलं त्याचा हात. "कुनाला बोलू नको. फक्त नातीला घरी नेऊ दे. मग तू म्हनशील तसं. बघून बघून चालवतो ना. हळू जातो."

"मी नाही सांगणार," कमरोद्दीन म्हणाला. "तुझं तू सांग. पण मी सोबत येतो. 'नक्को' बोलू नको."

चिकलठाण्याला पोचेपर्यंत जीप कमरोद्दीननं चालवली. घराच्या अलीकडं कडुबानं त्याला थांबवलं आणि स्वतः चाकावर येऊन बसला. पायाला बांधलेली पट्टी पायजमा ओढून झाकली. दारात सगळी जय्यत तयारी होती. विशाखाच्या सासूनं बॉनेटला कुंकू लावलं, नारळ दिला. विशाखा डोक्याला स्कार्फ बांधून, लेकीला छातीशी घेऊन आली.

"अण्णा, ही झोपतच नाही बघा. सगळं घर जागं ठेवते. म्हटलं, अण्णांच्या गाडीत बसली की झोपेल."

"झोपल की," कडुबा म्हणाला. "न झोपाया काय झालं?"

सुरेखा मागं चढली, विशाखा चढली, सामान चढलं. कमरोद्दीन गाडीशेजारी उभा होता. कडुबानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. त्यानं रस्त्याकडं नजर ठेवली, जशी आयुष्यभर ठेवली होती, आणि डावा पाय क्लचवर ठेवला. ठेवला का? त्याला कळेना. तो तसाच बसून राहिला, पायाचा निरोप येईल म्हणून. निरोप येईना. शेवटी त्यानं खाली बघितलं. पाय पेडलच्या शेजारी, त्या पत्र्याच्या ठिगळावर पडला होता.

घाटात वळणावर खाली बघता येत नाही. समोरून उसाचा ट्रक येतो, मागं बाळंतीण असते. मागच्या बाकावरून नातीचा बारीक कुरकुरण्याचा आवाज आला. काल गाडी मागं सरकली तेव्हा गाडीत लक्ष्मीबाई होती. आज कोण आहे?

त्यानं किल्ली बंद केली आणि खाली उतरला.

"काय झालं?" सुरेखानं विचारलं.

"गाडी कमरूभाई चालवील."

"काहून? अन् तुमी?"

कडुबानं पायजमा वर केला. पांढरी पट्टी बघून विशाखा "अण्णा!" म्हणून उठली, तिचं डोकं वरच्या बारला लागलं. सासूबाईंच्या हातातलं कुंकवाचं ताट तसंच राहिलं.

"मपला पाय मेलाय," कडुबा म्हणाला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "गाडीत कायबी खोट नव्हती. प्लेटी नव्या व्हत्या. कमरूभाईला म्या सकाळी नाय नाय ते बोललो. खोट ह्या पायात हाय."

सुरेखा पट्टीकडं बघत होती. "ऑइल म्हनाला व्हता तुमी," ती हळूच म्हणाली. "रोज पुसत व्हते म्या. रोज."

कमरोद्दीननं कडुबाच्या काखेत हात घालून त्याला मागं चढवलं. त्याच्या सीटखालच्या चपला काढून त्याच्या हातात दिल्या, मग स्वतः पुढं जाऊन बसला. बसताना त्यानं आपल्या चपला काढून बाहेर ठेवल्या, आणि मग काहीतरी आठवून पुन्हा पायात घातल्या.

शहर मागं पडलं. मागच्या बाकावर कडुबा पहिल्यांदाच बसला होता. रस्ता समोरून येत नव्हता, मागं पळत होता, आणि त्याला गरगरत होतं. समोरच्या बाकावर सुरेखा. विशाखानं लेक त्याच्या मांडीवर दिली. नात नुकतीच कुठं डोळे मिटत होती, तेवढ्यात घाट लागला. कमरोद्दीननं गिअर टाकला आणि गाडीला हिसका बसला. पोरगी दचकून रडायला लागली. सगळ्यांनी कडुबाकडं बघितलं. एरवी एवढ्या हिसक्यावर त्यानं चालवणाऱ्याचं सगळं खानदान उद्धरलं असतं. आज तो नुसता नातीला थोपटत राहिला.

दुपट्यातून नातीचा पाय बाहेर आला होता. कडुबानं त्या इवल्याशा तळव्याला बोट लावलं. पोरीनं झटकन पाय आखडून घेतला. तो चकित होऊन बघत राहिला. त्यानं पुन्हा बोट लावलं, नुसतं टेकवलं. पुन्हा पाय झटकला. त्यानं पुन्हा लावलं.

"अण्णा, काहून छळता तिला?" विशाखा म्हणाली.

"छळत नाय. बघतोय," कडुबा म्हणाला. "हिला कळतंय, विशाखा. लगीच कळतंय हिला."

आणि मग सकाळपासून कोरडा राहिलेला तो माणूस नातीला पोटाशी धरून ढसाढसा रडला. पुढं कमरोद्दीननं गाडी आणखी हळू केली. रडणं ओसरल्यावर कडुबानं डोळे पुसले आणि सहज खाली बघितलं. त्याचा पट्टी बांधलेला पाय सुरेखाच्या मांडीवर होता आणि ती त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. तिनं तो केव्हा उचलून घेतला, हे त्याला बघितल्यावरच समजलं.